तालाची चौकट आणि टाळांचा नाद : घरच्या स्टुडिओतील ध्वनिमिश्रण

गाणे संगणकावर मुद्रित करून त्यातील निरनिराळ्या आवाजांचा मेळ घालण्याचे काम, ज्यासाठी पूर्वी मोठ्या शहरातील स्टुडिओ तासाच्या भाड्याने घ्यावा लागे, ते आता लॅपटॉप, मायक्रोफोन, मायक्रोफोनमधील विद्युत्-संदेश अंकांत रूपांतरित करणारा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर परभणीसारख्या जिल्ह्यातही घरच्या एका खोलीत होऊ शकते. परभणी हा संत जनाबाईंच्या गंगाखेडचा जिल्हा असून भजन, गोंधळ आणि जात्यावरच्या ओव्या यांची येथील परंपरा जुनी आहे. अशा प्रदेशातील नवशिक्याची खरी अडचण मात्र सामग्रीपेक्षा सॉफ्टवेअरच्या गृहीतकांत असते. मिश्रणाची बहुतेक सॉफ्टवेअरे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत समोर ठेवून घडलेली असल्यामुळे नवा प्रकल्प उघडताच ती स्थिर लय आणि चार ठोक्यांचे आवर्तन धरून चालतात. म्हणून त्यांतील कोणती सोय वापरावी याच्या आधी कोणती बंद करावी, हे शिकणे येथे अधिक उपयोगाचे ठरते.

सॉफ्टवेअर निवडताना महागड्या नावांच्या मागे लागण्याचे कारण नाही. २००० साली प्रसिद्ध झालेले ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य असून एकट्या आवाजाचे मुद्रण, काटछाट आणि सफाई यांसाठी पुरेसे आहे, तर अनेक वाद्यांचा मेळ घालायचा असेल तेव्हा साठ दिवस वापरून पाहता येणारे ‘रीपर’ किंवा मुक्त स्रोताचे ‘आर्डर’ अधिक सोयीचे पडते. या सर्वांची मूळ कल्पना एकच आहे : प्रत्येक आवाजासाठी स्वतंत्र आडवी पट्टी, म्हणजे ट्रॅक, असते आणि त्याची पातळी, जागा व पोत इतरांना धक्का न लावता बदलता येतो. एक सॉफ्टवेअर निवडून त्यात एकच छोटे भजन अथपासून इतिपर्यंत पूर्ण केल्याने जे हाती लागते, ते चार सॉफ्टवेअरे अर्धवट चाळून लागत नाही.

मुद्रणाच्या वेळी राहिलेले दोष मिश्रणात क्वचितच पूर्ण निघतात, त्यामुळे पहिले लक्ष खोलीकडे द्यावे लागते. स्लॅबच्या उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून तो पोकळ करतो. गायकाच्या मागे आणि बाजूंना जाड गोधड्या टांगल्यास हे परावर्तन बरेच कमी होते. परभणीच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे अवघड असल्याने पहाटेची किंवा रात्रीची वेळ निवडणे हाच व्यवहार्य मार्ग होय. सॉफ्टवेअरमध्ये ४८ हजार हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके नमुने, आणि २४ बिट, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या मोजमापाची सूक्ष्मता, अशी मांडणी करावी. तिच्यात एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. २४ बिटमुळे पातळी मुद्दाम कमी ठेवण्याची मुभा मिळते, आणि ती कमीच ठेवावी, कारण मापकाच्या शून्यावर आपटलेला आवाज कापला जातो आणि त्याचा मूळ आकार परत मिळत नाही. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येऊ लागल्यास ‘बफर’, म्हणजे संगणक एका दमात हाताळत असलेल्या नमुन्यांची संख्या, कमी करावी : १०२४ नमुन्यांना सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, तर १२८ नमुन्यांना तीनपेक्षाही कमी. मिश्रण करताना मात्र संगणकावरचा भार हलका राहावा म्हणून बफर पुन्हा वाढवणे इष्ट असते.

यानंतर लयीचा प्रश्न येतो. भजनाचा आठ मात्रांचा ठेका सॉफ्टवेअरच्या चार ठोक्यांच्या चौकटीत वरवर बसतो, पण भजन संथ लयीत उचलून टाळकऱ्यांसह हळूहळू चढवले जाते आणि ही चढती लय चौकटीला मानवत नाही. दादऱ्याच्या सहा किंवा रूपकाच्या सात मात्रांसाठी आवर्तनाची संख्या बदलता येते. चढत्या लयीसाठी मात्र ठरावीक गतीने टकटक करणारा मेट्रोनोम आणि ‘स्नॅप’, म्हणजे आवाजाचा तुकडा जवळच्या रेघेला चिकटवणारी सोय, दोन्ही बंद करून पखवाजालाच लयीचा आधार मानणे योग्य ठरते. स्वरांच्या बाबतीतही अशीच दक्षता हवी. १९९७ साली बाजारात आलेल्या ‘ऑटो-ट्यून’पासून रूढ झालेली स्वरदुरुस्ती गायकाचा स्वर सामान्यतः बारा समान अंतरांपैकी जवळच्या स्वराकडे ओढते, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, आणि आंदोलन, म्हणजे स्वराचे संथ झुलणे, यांनाही ती चूक समजू शकते. गायकाची पट्टी, म्हणजे त्याच्या षड्जाची उंची, सॉफ्टवेअरला कळवताना हार्मोनियमची पांढरी एक म्हणजे ‘सी’ आणि काळी एक म्हणजे ‘सी शार्प’ एवढी ओळख सुरुवातीला पुरते.

प्रत्यक्ष मिश्रणात कोणताही परिणाम जोडण्यापूर्वी केवळ पातळ्या हलवून शब्द स्पष्ट ऐकू येतील असा तोल साधावा. त्यानंतर ‘इक्वलायझर’, म्हणजे आवाजातील मंद्र किंवा तीव्र भाग कमीजास्त करणारे साधन, हाती घ्यावे. टाळांचा झणत्कार तीव्र कंपनांच्या ज्या भागात पसरतो, त्याच भागात गायकाच्या व्यंजनांचीही स्पष्टता असते. तेव्हा गायन मोठे करत नेण्यापेक्षा टाळांचा तेवढा भाग उतरवणे आणि त्यांना डावी-उजवीकडे सरकवून मध्य गायकासाठी मोकळा ठेवणे अधिक परिणामकारक असते. गोंधळातील संबळाचा आघात अतिशय तीक्ष्ण असल्याने तिथे उंच उसळ्या दाबणारा ‘कंप्रेसर’ उपयोगी पडतो, पण तो आघाताच्या क्षणीच कार्यरत झाल्यास संबळाची धारच बोथट होते. म्हणून त्याचा प्रतिसाद काही मिलिसेकंद उशिरा ठेवला जातो. मोठ्या सभामंडपाचा भास देणारा ‘रिव्हर्ब’ मोजकाच असावा, कारण त्याच्या अतिरेकाने अभंगाचे शब्द विरघळतात.

संयमाचे महत्त्व परभणीच्याच एका उदाहरणात पाहता येते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात या जिल्ह्यातील ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या आहेत, आणि १९९० च्या दशकात झालेले त्यांचे ध्वनिमुद्रण ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत आज ऐकता येते. अशा एकट्या आवाजात भोवतालची चाहूल ही गाण्याच्या स्थळाची नोंद असते. तिला दोष मानून ‘नॉइज रिडक्शन’ने पूर्ण पुसू गेल्यास आवाजातील श्वास आणि कंपही त्यासोबत झिजतात. म्हणून मूळ फाइल अस्पर्श ठेवून सफाई नेहमी प्रतीवरच करावी.

तयार मिश्रण हेडफोनबरोबरच मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकावे, आणि दोन्ही बाजू एकत्र करून, म्हणजे ‘मोनो’मध्ये, तपासावे, कारण गावातील देवळावरच्या कर्ण्यावर डावे-उजवे उरत नाही आणि रुंदी वाढवणाऱ्या परिणामांमुळे काही आवाज तिथे परस्परांना खोडून क्षीण होऊ शकतात. स्पॉटिफायसारखी सेवा सर्व गाणी उणे १४ एलयूएफएस या समान श्राव्य पातळीच्या आसपास आणत असल्याने केवळ आवाज मोठा भासावा म्हणून तो चेपण्यात लाभ नसतो. अंतिम प्रत न दाबलेल्या ‘वेव्ह’ स्वरूपात दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी. एवढी शिस्त अंगवळणी पडली की सॉफ्टवेअर बदलले तरी फक्त बटणांच्या जागा नव्याने शिकाव्या लागतात. ठेका कुठे चढतो आणि शब्द कुठे बुडतो, हे ओळखणारा कान मात्र त्या प्रदेशाच्या संगीतातच घडवावा लागतो.