दोषांची वही

लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाची वही पुजतो. सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपनीला आणखी एक वही लागते, ती दोषांची: कुठला बग कोणी कळवला, सध्या कोणाकडे आहे, सुटला की नाही. ही माहिती ईमेलमध्ये आणि माणसांच्या डोक्यात राहिली, तर माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी तीही जाते.

ब्राउझरमधून वापरता येणाऱ्या अशा वह्या फुकट मिळतात. मोझिलाची बगझिला १९९८ पासून आहे. पर्लमध्ये लिहिलेली, भक्कम. पण नवख्याला तिचा फॉर्म लांबलचक वाटतो. मँटिस पीएचपीवर चालते, त्यामुळे साध्या वेब होस्टिंगवरही बसते. २००६ साली आलेल्या रेडमाइनला रुबी लागते. बदल्यात विकी आणि कामाचं वेळापत्रकही मिळतं.

‘फुकट’ मात्र परवान्यापुरतंच. सर्व्हर, अपडेट, बॅकअप सांभाळणारं माणूस आपलंच. शिवाय ग्राहकांची नावं, स्क्रीनशॉट त्यात आले, की आयर्लंडमध्ये जीडीपीआरही लागू होतो.

म्हणून कंपनी स्लायगोतली असो वा सांगलीतली, आधी दोन गोष्टी पाहाव्यात. ग्राहकांचे फोन घेणाऱ्या, प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या सहकाऱ्याला दोन मिनिटांत नोंद करता येते का? आणि उद्या दुसरीकडे जायचं ठरलं, तर सगळ्या नोंदी फाइलमध्ये बाहेर काढता येतात का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर आठवडाभर खरे बग नोंदवून पाहावेत. ज्या वहीत सगळे लिहितात, तीच आपली.