तिकीट कन्फर्म, आसन नाही

संध्याकाळच्या पाळीत काउंटर उघडायच्या आधी शिफ्ट इन्चार्ज फळ्यावर प्रत्येक उड्डाणापुढे दोन आकडे लिहायचा. पहिला विमानातल्या आसनांचा, दुसरा विकलेल्या तिकिटांचा. 180 आणि 171 असं दिसलं की त्या उड्डाणाची काळजी नसे. 180 आणि 186 दिसलं की त्याखाली लाल रेघ येई आणि काउंटरवर बसणाऱ्याला सांगितलं जाई, ‘शेवटच्या काही जणांना सीट नंबर देऊ नको. गेटवर बघू.’

मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये मी काम केलं आहे. लोकांना वाटतं, जास्तीची तिकिटं चुकून विकली जातात. संगणक बिघडला असेल किंवा कुणाची नजरचूक झाली असेल. तसं नसतं. तो सहा जणांचा जादा आकडा कंपनीच्या मुख्यालयात कुणीतरी ठरवलेला असतो.

हिशेब समजून घेण्यासारखा आहे. कन्फर्म तिकीट असूनही काही जण येतच नाहीत. मीटिंग रद्द होते, घरी कुणी आजारी पडतं, द्रुतगती मार्गावर घाटात वाहतूक अडकते. यांना आम्ही ‘नो-शो’ म्हणायचो. समजा, एखाद्या मार्गावर शंभरात पाच जण येत नाहीत. मग 180 आसनांसाठी 186 तिकिटं विकली तर सरासरीने 177 जण हजर होतील. संभाव्यतेचं गणित मांडलं तर अशा साधारण दहा उड्डाणांपैकी एकाला 180 पेक्षा जास्त माणसं येऊन उभी राहतात, आणि तीही बहुतेक वेळा एक किंवा दोन. उरलेल्या नऊ उड्डाणांना कुणालाच काही कळत नाही. कंपनीच्या बाजूने बघितलं तर सौदा फायद्याचा आहे, कारण विमानाने धावपट्टी सोडली की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते.

पण हे गणित प्रत्येक प्रवाशाला सुटा धरतं आणि माणसं सुटी नसतात. लग्नाचं वऱ्हाड असलं तर चाळीसच्या चाळीस येतात. गणपतीच्या आधीच्या दिवसांत, दिवाळीच्या सुट्टीत, परीक्षांच्या हंगामात जवळजवळ कुणी चुकत नाही. सोमवारी पहाटेच्या दिल्लीच्या विमानाला नोकरदारांची तिकिटं कंपनीच्या खर्चाने काढलेली असतात. तिथे नो-शो भरपूर. शनिवारी त्याच मार्गावर कुटुंबं असतात, आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरलेले असतात. ही जाण असलेला माणूस हिशेबाला बसला असेल तर शनिवारी जादा तिकिटं कमी विकतो. नसेल, तर निस्तरायचं काउंटरवरच्या मुलामुलींनी.

या व्यवहारातली एक गोष्ट प्रवाशांना सहसा कुणी सांगत नाही. जो आला नाही, त्याच्या तिकिटाचे पैसे कंपनीकडे आलेलेच असतात. स्वस्त तिकिटावर नो-शो झालेल्याला कायद्याने परत मिळतात ते कर आणि विमानतळाची शुल्कं. मूळ भाडं बहुतेक वेळा जातं. म्हणजे ती खुर्ची एकदा विकली गेली, पैसे वसूल झाले, आणि तीच पुन्हा दुसऱ्याला विकली. जागा वाया जाऊ नये, तिकिटं स्वस्त राहावीत, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र दोनदा पैसे घेतल्यावर हिशेब चुकला, तर त्याची किंमत कंपनीनेच मोजली पाहिजे. नुकसानभरपाईला मेहेरबानी समजणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांना हे कधीच पटत नसे.

खुर्च्या कमी पडण्याचं आणखी एक कारण असतं आणि प्रत्यक्षात ते जास्त त्रासाचं. 232 आसनांचं ए 321 ठरलेलं असतं, त्यात ऐनवेळी तांत्रिक बिघाड निघतो आणि त्याच्या जागी 186 आसनांचं ए 320 येतं. एका फोनवर 46 खुर्च्या गेल्या. तेव्हा फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहिला जायचा आणि काउंटरवर एकदम शांतता व्हायची.

आता माणसं कशी निवडली जातात ते सांगतो. कुणाला मागे ठेवायचं याचा क्रम ठरलेला असतो. लहान मुलांसह आलेलं कुटुंब, एकटं पाठवलेलं मूल, व्हीलचेअरवरचा प्रवासी, पुढचं परदेशी विमान पकडायचं आहे असा माणूस, यांना शक्यतो हात लावायचा नाही. मग उरतात ते एकटेदुकटे, कमी भाड्याच्या तिकिटावरचे आणि ज्यांना अजून सीट नंबर मिळालेला नाही असे. सीट नंबर कुणाकडे नसतो? ज्यांनी घरून वेब चेक-इन केलेलं नाही, त्यांच्याकडे. वेब चेक-इन कोण करत नाही? ज्यांना फोनवर ते जमत नाही, ज्यांना तिकीट भाच्याने काढून दिलेलं आहे, जे पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही, पण जादा तिकिटांचा भार शेवटी याच लोकांवर येऊन पडतो.

एक जोडपं माझ्या डोळ्यांसमोर आहे. डहाणूहून लोकलने आलेले, दिल्लीला मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेले. सुटायच्या वेळेच्या तीन तास आधी ते विमानतळावर होते. काउंटरवर त्यांच्या बॅगा घेतल्या, हातात पास दिले, आसनाची जागा कोरी. काकांनी विचारलं, ‘इथे नंबर नाही?’ ‘गेटवर मिळेल, काका,’ असं उत्तर मिळालं. ते दोघं गेटसमोरच्या पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. सगळे आत गेले, बोर्डिंग संपलं, मग त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की विमान भरलं. खाली सामानाच्या कप्प्यातून टॅगचा नंबर बघत लोडरनी त्यांच्या बॅगा शोधून उतरवल्या. काकू एवढंच म्हणाल्या, ‘अहो, आम्ही तर सगळ्यांच्या आधीपासून इथे आहोत.’

नियमाप्रमाणे त्या दिवशी काय व्हायला हवं होतं? आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, याविषयीची नियमावली 2010 च्या ऑगस्टपासून लागू आहे. जादा तिकिटं विकण्याला तिची मनाई नाही. पण माणसं जास्त झाली तर कंपनीने सर्वांत आधी विचारायचं, कुणी आपणहून आसन सोडायला तयार आहे का? त्या बदल्यात काय द्यायचं हे कंपनीने ठरवावं. कुणी तयार झालं नाही, तरच कुणाला तरी त्याच्या मर्जीविरुद्ध मागे ठेवायचं. मग हिशेब असा: मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं, तर भरपाई नाही. 24 तासांच्या आत सुटणारं दिलं, तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या 200 टक्के, कमाल ₹10,000. त्याहून उशीर असेल तर 400 टक्के, कमाल ₹20,000. आणि दुसरं विमान नकोच असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, शिवाय 400 टक्के, कमाल तेवढीच. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ₹4,200 होत असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने जाणाऱ्याला ₹8,400 मिळायला हवेत. सुरुवातीला ही मर्यादा ₹4,000 होती. 2016 च्या ऑगस्टपासून ती वाढली. रक्कम रोख किंवा बँकेत जमा व्हायला हवी. पुढच्या प्रवासाचं व्हाउचर प्रवासी कबूल असेल तरच.

यातली पहिली पायरी, आधी विचारण्याची, सर्वांत शहाणपणाची आहे. अमेरिकेत ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1968 मध्ये ही कल्पना मांडली. विमानातल्या प्रत्येकाची निकड सारखी नसते. कुणाला आज पोचलंच पाहिजे, कुणाला उद्या पोचलं तरी चालतं. ज्याला चालतं त्याला योग्य रक्कम द्या, तो आनंदाने उतरेल. कंपन्यांनी हे बरीच वर्षं मनावर घेतलं नाही. 1972 मध्ये ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनाच कन्फर्म तिकीट असताना वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जाणाऱ्या विमानात जागा नाकारली गेली. आतल्या कुणाला उतरायला चालेल का ते विचारा, असं त्यांनी गेटवर सुचवलं. ते झालं नाही. ते न्यायालयात गेले आणि 1976 मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 1978 मध्ये आल्फ्रेड कान यांच्या अध्यक्षतेखालच्या नियामक मंडळाने आधी स्वेच्छेने उतरणारे शोधणं सक्तीचं केलं. युरोपच्या आणि आपल्या नियमांतही तेच कलम आहे.

मग ते पाळलं का जात नाही? मी जे पाहिलं त्यावरून सांगतो. गेटवर घोषणा केली की सगळ्यांना कळतं, जागा कमी आहेत. लोक उठतात, आवाज चढतो, फोनचे कॅमेरे सुरू होतात. विमान वेळेवर सुटायला वीस मिनिटं उरलेली असतात आणि उशीर झाला तर त्याचं स्पष्टीकरण ड्यूटी मॅनेजरला द्यावं लागतं. किती रक्कम देऊ करायची याचा अधिकार गेटवरच्या माणसाकडे नसतो. त्यापेक्षा दोन गरीब स्वभावाच्या माणसांना बाजूला घेणं सोपं जातं. पण एका रात्री गोव्याच्या विमानाला एका बाईंनी वरिष्ठांकडून परवानगी मिळवली, माइक हातात घेतला आणि स्वच्छ मराठीत, हिंदीत सांगितलं: दोन आसनं हवी आहेत, उद्या सकाळचं पहिलं विमान, हॉटेल आणि एवढी रक्कम. कॉलेजातली दोन मुलं हात वर करून पुढे आली. दहा मिनिटांत काम झालं. विमान वेळेवर गेलं, कुणाचा आवाज चढला नाही.

उलट टोकाचं उदाहरण 9 एप्रिल 2017 चं, शिकागोचं. लुईव्हिलला जाणाऱ्या युनायटेड एक्सप्रेसच्या विमानात प्रवासी बसलेले असताना कंपनीला आपल्याच चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. देऊ केलेली रक्कम 800 डॉलरवर थांबली, कुणी उठलं नाही. मग निवडून काढलेल्या चौघांपैकी डॉ. डेव्हिड डाओ यांनी नकार दिल्यावर सुरक्षा कर्मचाऱ्यांनी त्यांना फरफटत बाहेर नेलं. त्यानंतर त्याच कंपनीने आसन सोडणाऱ्याला 10,000 डॉलरपर्यंत देण्याची तयारी जाहीर केली. 800 आणि 10,000 यांच्यामध्ये कुठेतरी चार माणसं त्या दिवशी आपणहून उठली असती.

आता सर्वांत महत्त्वाचं. भरपाईचा हक्क दोन अटींवर उभा आहे: तिकीट कन्फर्म असणं आणि वेळेत हजर होणं. पहिली अट कागदावर सिद्ध होते. दुसरीची नोंद करतं कोण? कंपनीचाच माणूस. डहाणूच्या त्या दोघांची नोंद सिस्टीममध्ये ‘जागा नाकारली’ अशी झालीच नाही; ‘गेटवर वेळेत आले नाहीत’ अशी झाली. तेवढ्या एका नोंदीने भरपाई संपली, आणि वर दुसऱ्या विमानात बसवणं हे कंपनीचं सौजन्य ठरलं. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. 2022 च्या जूनमध्ये डीजीसीएने बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीला तपासण्या करून, जागा नाकारलेल्या प्रवाशांना भरपाई न दिल्याबद्दल एअर इंडियाला 10 लाखांचा दंड केला. अशा तपासण्या नेहमी व्हायला हव्यात आणि त्यांत गेटवरच्या या नोंदी उघडून बघायला हव्यात.

तोवर प्रवाशाने आपला पुरावा आपणच जपावा. वेब चेक-इन सुरू होताच करा; आई-वडील प्रवास करणार असतील तर तुम्ही करून द्या. आसनाचा नंबर नसलेला पास हातात आला तर काउंटरवरच विचारा, ‘हे उड्डाण ओव्हरबुक आहे का?’ गेटवर पोचल्यावर घड्याळ दिसेल असा गेटच्या फलकाचा फोटो काढा. जागा नाही म्हणाले तर भांडू नका. समोरच्या मुलीने किंवा मुलाने तिकिटं विकलेली नसतात. शांतपणे सांगा, ‘मला जागा नाकारली असं लेखी द्या, वेळ घालून.’ लेखी देत नसतील तर तिथेच उभं राहून कंपनीला ईमेल करा, त्यावर वेळ आपोआप पडते. घाईने पुढे केलेल्या व्हाउचरच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

मुलं जर्मनीत, नेदरलँड्समध्ये आहेत असे पालक आता आपल्याकडे पुष्कळ. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या विमानाला, कंपनी भारतीय असली तरी, तिथला 261 क्रमांकाचा नियम लागू होतो. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना मर्जीविरुद्ध जागा नाकारली तर 600 युरो मिळायला हवेत. दिलेलं दुसरं विमान पोचण्याच्या मूळ वेळेनंतर चार तासांच्या आत पोचवत असेल तर ते निम्मे होऊ शकतात. इकडून जाताना तो नियम फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागू आहे.

कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019 च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.