नव्या फिशटँकचे पहिले चाळीस दिवस

मुलांच्या वाढदिवसाला फिशटँक भेट द्यायची पद्धत आपल्या घरांत आता चांगलीच रुळली आहे. दुकानदार काचेची टाकी, रंगीत गोटे, दिवा, फिल्टर आणि पिशवीत सात-आठ मासे असा सगळा संच एकदमच देतो. संध्याकाळी टाकी भरली जाते, मासे सोडले जातात, फोटो निघतात. पहिला आठवडा मजेत जातो. आठव्या-दहाव्या दिवशी एक मासा तळाशी पडलेला दिसतो, दोन दिवसांनी आणखी एक. मूल विचारतं, "काय झालं त्याला?" आणि घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "जाऊ दे, आपल्याला मासे लाभत नाहीत."

लाभण्या-न लाभण्याचा इथे संबंध नाही. बहुतेक वेळा मासे आजारीही नसतात. ज्या पाण्यात ते राहतात तेच पाणी त्यांच्यासाठी विषारी झालेलं असतं, आणि ते दिसायला मात्र आरशासारखं स्वच्छ असतं. म्हणून कोणाला शंका येत नाही.

हा लेख खास अशा घरांसाठी आहे जिथे मासे आधीच टाकीत आले आहेत. "आधी महिनाभर रिकामी टाकी चालवायला हवी होती" हा सल्ला बरोबर असला, तरी आता त्याचा उपयोग नाही. आता करायचं काय, ते पाहू.

पाण्यात नेमकं काय होतं?

मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांतून तो अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजले की त्यांतूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असतं, त्यामुळे तो विरून जातो. पन्नास लिटरच्या टाकीत त्याला जायला जागा नसते.

जुन्या, चालत्या टाकीत ही घाण निस्तरायला जिवाणू असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक असतात. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेही आवाक्यात राहतं. निसर्गात मातीमध्येही हेच चालतं. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच, आणि ते वाढतात फार सावकाश. दुधाला विरजण लावलं की रात्रीत दही होतं, कारण ते जिवाणू झपाट्याने वाढतात. फिल्टरमधल्या या मंडळींना मात्र पुरेशी संख्या गाठायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया वाढतो. तो खाणारे जिवाणू वाढले की तो उतरतो, पण तेवढ्यात नायट्राइट चढतं. शेवटी तेही उतरतं. हे सगळं होईपर्यंत फिल्टरचं काम तुम्हालाच बादली घेऊन करायचं असतं. लेखाचा सारांश एवढाच आहे. पुढे फक्त तपशील.

डोळ्यांवर नको, आकड्यांवर विश्वास ठेवा

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक शिस्त असते: मोजलं नाही तर दुरुस्त करता येत नाही. इथेही तेच. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारा थेंबांचा टेस्ट किट घ्या. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे, सांगितलेली मिनिटं थांबायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. कागदी पट्ट्या स्वस्त पडतात, पण त्यांतल्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाची चाचणीच नसते, आणि नव्या टाकीत सगळ्यात आधी तोच मोजायला हवा.

अमोनियाचा आकडा पाहताना पीएचही पाहा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप फारसं त्रास देत नाही, दुसरं कल्ले जाळतं. पाणी २५ अंशांच्या आसपास असताना पीएच ७ असेल, तर घातक रूपाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तक्त्यावरचा आकडा तोच, पण विष जवळजवळ दहापट. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत पीएच बहुधा चढाच असतो, म्हणून तिथे जास्त जपायला हवं.

एका टाकीची वही

माझा चुलतभाऊ वडोदऱ्याला असतो. त्याच्या मुलीला सहाव्या वाढदिवसाला अशीच टाकी मिळाली: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गोटे आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी जेमतेम ४५ लिटर. त्यात सहा गप्पी आणि दोन गोल्डफिश. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. "दादा, पाणी एकदम चोख्खं आहे, पण मासे वर येऊन तोंड उघडतायत. एक गप्पी सकाळी गेला. पोरगी शाळेत जायला तयार नाही."

त्याच दिवशी त्याने किट आणला. अमोनिया १ पीपीएम, पीएच ८. पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण त्या पीएचला माशांसाठी भरपूर. लगेच अर्धं पाणी बदललं. संध्याकाळी पुन्हा अर्धं. हिशेब सरळ आहे: अर्धं पाणी बदललं की १ चा अर्धा होतो, पुन्हा बदललं की पाव. त्या रात्री मासे वर येऊन तोंड उघडायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गोल्डफिश दुकानात परत गेले. गोल्डफिश घाण फार करतो आणि वाढतोही बराच. एवढी टाकी त्याला पुरणारी नव्हतीच. पोरीने थोडं रडून घेतलं, पण तिला सांगितलं की त्यांना मोठं घर लागतं, आणि ते खोटं नव्हतं.

मग एक वही केली. रोज संध्याकाळी तारीख, अमोनिया, नायट्राइट, किती पाणी बदललं. रंग जुळवायचं काम मुलीकडे. अठराव्या दिवशी अमोनिया पावाच्या खाली आला, पण नायट्राइट १ वर गेलं. पुढचे दहा-बारा दिवस रोज पाणी बदलणं हाच कार्यक्रम. तेहतिसाव्या दिवशी दोन्ही रकान्यांत शून्य, नायट्रेट २०. उरलेले पाचही गप्पी शाबूत होते.

रोज काय करायचं

नियम लहान आहेत. अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएम दिसलं तर पाव टाकी पाणी बदला. ०.५ किंवा त्याहून जास्त असेल तर अर्धी. १ च्या पुढे असेल तर अर्धी टाकी बदला, काही तासांनी पुन्हा मोजा आणि गरज असेल तर पुन्हा बदला. पाणी बदललं तर जिवाणू निघून जातील ही भीती नको. ते पाण्यात फारसे नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर, गोट्यांवर आणि काचेवर चिकटून बसलेले असतात.

नळाचं पाणी थेट टाकू नका. ते नर्मदेचं असो की महीचं, पालिका त्यात क्लोरीन घालते, आणि क्लोरीन मासे नि जिवाणू दोघांनाही मारतं. दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला, किंवा बादली चोवीस तास उघडी ठेवा. नवं पाणी हाताला टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट लागलं पाहिजे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी थेट ओतलं तर मासे त्यानेच दगावतील.

खाणं निम्म्यावर आणा. दिवसातून एकदा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. एखादा दिवस काहीच दिलं नाही तरी मोठे मासे उपाशी मरत नाहीत. आपल्याकडे पाहुणा आला की आग्रह करून वाढायची सवय आहे, आणि मासे काचेशी आले की आजीचा जीव कळवळतो. पण जास्तीचा प्रत्येक दाणा दुसऱ्या दिवशी अमोनिया होऊन वर येतो. दाण्यांची डबी उंच फडताळात ठेवलेली बरी.

फिल्टर चोवीस तास चालू हवा. "रात्री आवाज येतो" म्हणून तो बंद केला तर प्राणवायूअभावी जिवाणू मरू लागतात. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन ठेवा.

नायट्राइट चढलेलं असताना मासे धापा टाकत असतील, तर पाणी बदलाच आणि सोबत १० लिटरला १ ग्रॅम या मापाने साधं मीठ विरघळवून घाला. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मिठातलं क्लोराइड त्याचा कल्ल्यांतून आत शिरायचा रस्ता अडवतं. एकदा घातलं की पुढे फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घाला.

विरजण मागून आणा

सगळ्यात जलद उपाय शेजारी असू शकतो. ओळखीत कोणाची सहा महिने-वर्षभर निरोगी चाललेली टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला मळलेला स्पंज किंवा त्याचा तुकडा मागून आणा. टाकीच्याच पाण्यात बुडवून, ओला ठेवून, एक-दोन तासांत आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा. हे खरंखुरं विरजण आहे. महिन्याचं काम कित्येकदा आठवड्या-दोन आठवड्यांत होतं. मात्र ज्या टाकीत हल्ली मासे आजारी पडले होते, तिथून काही आणू नका. बाटलीत मिळणारे जिवाणूही काही प्रमाणात उपयोगी पडतात, पण ते घातले म्हणून मोजणं थांबवू नका.

मनी प्लांटची फांदी धुऊन तिची मुळं टाकीत सोडा, पानं बाहेर राहू द्या. वाढती झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात, आणि ही फांदी बहुतेक घरांत गॅलरीतच असते.

जे करू नये

आपल्या घरांत स्वच्छता म्हणजे घासून लख्ख करणं. रविवारी मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी फेकायचं, गोटे आणि स्पंज नळाखाली चोळून धुवायचे, असा सोहळा बऱ्याच ठिकाणी होतो. त्यात जेमतेम रुजलेले जिवाणू धुऊन जातात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज फारच तुंबला तर काढलेल्या टाकीच्या पाण्यात दोनदा पिळा, बास.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका. ते वेगळे, झटपट वाढणारे जिवाणू असतात, आणि काही दिवसांत पाणी आपोआप निवळतं. अमोनिया मोजत राहा.

'शुद्ध' म्हणून आरओचं पाणी भरू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे पीएच स्थिर राहत नाही. जिवाणूंच्या कामालाही ते क्षार लागतात. क्लोरीन काढलेलं नळाचं पाणीच बरं.

आणि मासा सुस्त दिसला की लगेच निळं औषध घालू नका. त्यातलं मेथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंनाही बाधतं. आधी पाणी मोजा. आकडे शून्य असतील आणि तरीही मासा सुस्त असेल, तर मग आजाराचा विचार करा, आणि औषध वेगळ्या भांड्यात द्या.

नवे मासे केव्हा आणायचे?

अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य राहिले, नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार झाली. त्यानंतर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं पुरे. नायट्रेट ४० च्या पुढे जाऊ देऊ नका, २० च्या आत असेल तर उत्तम.

मुलं लगेच म्हणतील, "आता नवे आणू या!" आणा, पण एका वेळी दोनच. जिवाणूंची संख्या आहे तेवढ्या माशांपुरती असते. खाणारी तोंडं वाढली की त्यांनाही वाढायला वेळ लागतो. नवे मासे आल्यावर दोन आठवडे वही पुन्हा उघडी ठेवा, एक दिवसाआड मोजा, आणि दोन्ही आकडे शून्यावर राहिले की मगच पुढची जोडी आणा. वडोदऱ्याच्या टाकीत आता सात गप्पी आहेत. आठवा आणायचा की नाही हे वही पाहून ठरेल, असं वहीच्या मालकिणीने बाबांना बजावलं आहे.