विश्लेषण : स्वमग्न मुलांना यंत्रमानव भावना शिकवू शकतो?

गोंदियाजवळच्या बिरसीत शिकाऊ वैमानिक सिम्युलेटरवर सराव करतात. तिथे चूक झाली तरी विमान पडत नाही. स्वमग्न मुलांसाठी यंत्रमानव वापरण्यामागे साधारण हाच विचार आहे. माणसाचा चेहरा क्षणोक्षणी बदलतो, आवाज चढतो-उतरतो. अनेक स्वमग्न मुलांना हे एकदम पेलत नाही. यंत्रमानव तेच हसू पन्नास वेळा तसेच दाखवतो आणि वैतागत नाही. ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठाचा ‘कॅस्पर’ २००५पासून याच कामात आहे.

भावना ओळखतो म्हणजे काय?

यंत्राला भावना ‘कळत’ नाहीत, ते अंदाज बांधते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी जपान आणि सर्बियातील ३५ मुलांवर ‘नाओ’ यंत्रमानवाचा प्रयोग केला. कॅमेरा चेहरा व हालचाल टिपत होता, माइक आवाज, तर मनगटावरचा पट्टा नाडी, तापमान आणि घाम. प्रत्येक मुलासाठी गणित वेगळे बसवले. २०१८मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार यंत्राचा अंदाज तज्ज्ञांच्या निरीक्षणाशी सुमारे ६० टक्के जुळला. हा आकडा कमी वाटेल. पण अशा मुलांबाबत तज्ज्ञांचेही आपसांत सहज एकमत होत नाही.

फायदा होतो का?

येल विद्यापीठाने १२ मुलांच्या घरी महिनाभर यंत्रमानव ठेवला. रोज अर्धा तास, पालकांसोबत खेळ. यंत्रमानव समोर नसतानाही मुले मोठ्यांच्या नजरेचा माग घेऊ लागली. मात्र १२ मुलांवरून उपचारपद्धती ठरत नाही. शिवाय मुलाचा चेहरा आणि नाडी यांची नोंद कुणाकडे जाते, हा प्रश्न उरतोच. युरोपीय महासंघाने फेब्रुवारी २०२५पासून शाळांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली. वैद्यकीय वापराला सूट आहे.

इथल्या पालकांनी काय करावे?

यंत्रमानवाची वाट पाहू नये. गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या ‘पास’ चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवले. मुले स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. खर्चिक यंत्र एकही नव्हते. मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगावे. तपासणी मोफत असते आणि पुढे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय याच कार्यक्रमात आहे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबण्यात वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात.