पाव्हणे कुठले?

मराठवाड्यात भाड्याला भाडे म्हणत नाहीत, किराया म्हणतात. निजामाचे राज्य १९४८ साली गेले, शब्द राहिला. जागा किरायाने घ्यायची आणि किरायदार म्हणून राहायचे. नांदेड असो की लातूर, जागा बघायला गेलेल्या माणसाला आधी ओसरीवर बसवतात. तांब्या-पेला पुढे येतो. मग नाव, मग आडनाव, मग गाव. आणि एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर अगदी आपुलकीच्या सुरात चौथा प्रश्न येतो, ‘‘पाव्हणे कुठले?’’ म्हणजे सोयरीक कोणाकडे. या उत्तरावर किल्ली खुंटीवरून निघते किंवा तिथेच राहते. घर अजून कोणी पाहिलेले नसते. पाहणी चालू असते ती किरायदाराची.

बँकेच्या नोकरीत मी या दोन जिल्ह्यांत निरनिराळ्या आठ घरांत राहिलो. बँकेचा अधिकारी म्हणजे घरमालकांचे लाडके गिऱ्हाईक. करार बँक करणार, किराया दर महिन्याला थेट मालकाच्या खात्यात, आणि तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली, म्हणजे जागा बळकावण्याची भीती नाही. जुना हैदराबाद घरभाडे कायदा १९५४ चा. तो २००० साली जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होईपर्यंत मराठवाड्यात त्याचाच अंमल होता. किरायदाराला बाहेर काढणे किती कठीण, याच्या कथा प्रत्येक गल्लीत ऐकू येत. त्यामुळे बदलीवाला माणूस देवासारखा वाटे. माझे आडनाव ऐकले की पाण्यामागून चहाही येई.

हे सारे आता आठवण्याचे कारण असे की, गेल्या फेब्रुवारीत मी अंदमानात जागा शोधायला गेलो होतो. माझ्यासाठी नव्हे. एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी, लातुरातच वाढलेली, आता एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. तिची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. (सप्टेंबर २०२४ मध्ये त्या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले, तिथल्या रिक्षावाल्यांच्या तोंडी मात्र अजून पोर्ट ब्लेअरच.) रुजू होण्यापूर्वी जागा पक्की करायची होती. तिच्या वडिलांचे गुडघे गेलेले. ते म्हणाले, ‘‘तुम्ही जा हिच्यासोबत. तुम्हाला जागा मिळवायची सवय आहे.’’

या वाक्यात टोमणा नव्हता, पण इतिहास होता. १९८९ साली आम्ही दोघे एकाच महिन्यात लातूरच्या शाखेत आलो. मला औसा रोडला तिसऱ्या दिवशी जागा मिळाली. तो औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले, हुद्दा तोच, बँकेचे पत्र तेच. दोन महिने तो लॉजवर राहिला. एकाही घरमालकाने त्याला नाही म्हटले नाही, ही यातली खुबी. ‘‘कालच दिली हो जागा.’’ ‘‘मुलाचं लग्न ठरतंय, आम्हालाच लागेल.’’ ‘‘तुमच्यात कसं असतं माहीत नाही, आमच्याकडे सोवळं-ओवळं फार.’’ हे ‘तुमच्यात’ त्याने किती वेळा ऐकले असेल! शेवटी त्याच्या समाजाच्या वस्तीत दोन पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. किराया बँकेने मंजूर केलेल्या रकमेच्या निम्मासुद्धा नव्हता.

कायदा नव्हता असे नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कुठल्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अटकाव करणे हा त्याच्या चौथ्या कलमानुसार गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिन्यांची कैद, आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पण ‘मुलाचे लग्न ठरते आहे’ हा गुन्हा कोणत्या कलमात बसवायचा? संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. किरायाच्या खोलीचा उल्लेख तिथे नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून उतरावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याला बहात्तर वर्षे उलटल्यावर लातुरात कोणी काठी उगारली नाही. प्रगती म्हणायची तर ही.

आजच्या लातुरात जागा शोधणारे वेगळे आहेत. ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाल्यापासून अहमदपूर, निलंगा, उदगीरकडून, पार परभणी-हिंगोलीहून आया मुलांना घेऊन येतात. एका खोलीत गॅस, पाट्यापुस्तके आणि डॉक्टर होण्याची आशा मांडतात. नवरा गावी शेतावर, बायको शिकवणीच्या भागात किरायदार. नांदेडलाही तेच. फाटकांवर पाट्या असतात, ‘फक्त विद्यार्थिनींसाठी’, ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’. पाटीवरचे शाकाहारी म्हणजे वांग्याची भाजी आवडणारे नव्हेत, हे वाचणाऱ्याला कळते. ‘पाव्हणे कुठले’ विचारायचे कष्ट या पाटीने वाचवले, एवढेच.

आता अंदमान. चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तास. बोटीने जायचे तर तीन दिवस. शहर टेकड्यांवर चढत-उतरत वसलेले, त्यामुळे पत्ता सांगताना पायऱ्या मोजून सांगतात. हॅडो, जंगलीघाट, डेलानीपूर, गाराचरमा असे आम्ही पाच दिवस हिंडलो. हिंदी सगळ्यांना येते आणि कोणाचीच ती घरची नाही, अशी मोठी मोकळी हिंदी. मी मराठवाड्याची तपासणी-यादी घेऊन गेलो होतो. पहिला कलम पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ते दिवस काढलेला माणूस कुठेही गेला तरी आधी नळ पाहतो. मला वाटले, समुद्राच्या मधोमध आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे आमच्या लातूरच्या चौपट. इथे पाणी कशाला विचारायचे? पहिल्याच घरी मालकीणबाई म्हणाल्या, उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड, कधी त्याहून उशिरा; टाकी मोठी बघा. शहराची मदार एका धनीखाडी धरणावर, आणि उतारावरून पाऊस थेट समुद्रात. मला एकदम घरच्यासारखे वाटले.

दुसरा कलम छप्पर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले, त्यानंतर लातुरात कोणी वरच्या मजल्याची जागा घेईना आणि माळवदाच्या घरात तर पाऊल ठेवायलाही माणसे घाबरत. मातीच्या जड छपरांनी आणि दगडी भिंतींनीच माणसे मारली होती. तो भाग तेव्हाच्या नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. अंदमान कायमच सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात. तिथली जुनी घरे लाकडी फळ्यांची, वर पत्रा. हलतात, पण अंगावर येत नाहीत. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीनच खचली. सिप्पीघाटच्या शेतांत समुद्र शिरला. म्हणून आम्ही उंचावरचे घर शोधत होतो.

मुलगी मात्र तिसराच कलम मनात धरून होती, हे मला चौथ्या दिवशी कळले. दर घरी ती आपले फक्त पहिले नाव सांगे. कोणी पुढे विचारलेच तर ‘बँकेत आहे’ म्हणे. लहानपणापासूनची सवय. डेलानीपूरला वरच्या अंगाला एक लाकडी घर पसंत पडले. मालक सत्तरीचे, बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले. किरायदाराची माहिती पोलिसांना द्यावी लागते, त्याचा अर्ज त्यांनी पुढ्यात घेतला आणि पेन सरसावून विचारले, ‘‘पूरा नाम?’’

ती थांबली. मी खिडकीतून समुद्र पाहू लागलो. मग तिने आडनावासकट नाव सांगितले, जरा मोठ्यानेच. लातुरात त्या आडनावावर जे काही अडले असते, त्यातले तिथे काहीच अडले नाही. आजोबांनी स्पेलिंग चुकवले, ‘मेनलँडमध्ये कुठून?’ एवढे विचारले, आणि लातूर म्हणजे काय हे न कळल्याने ‘बंबई के पास’ असे स्वतःच लिहून टाकले. लातूरकराला झोंबावे असे ते एवढेच.

मी न राहवून त्यांना विचारले, तुम्ही मूळचे कुठले? ते हसले. १८५८ पासून इथे काळ्या पाण्याचे कैदी आणले गेले. सुटल्यावर त्यांनी इथेच संसार मांडले, ज्याला जी मिळाली तिच्याशी. पणजोबा एका प्रांताचे, पणजी दुसऱ्या, धर्म कधी एक, कधी दोन. अशांच्या वंशजांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची अनुसूचित जातींची लोकसंख्या शून्य आहे, कारण त्या बेटांसाठी अशी यादीच नाही. कैद्यांच्या बराकीत जे मोडले, ते पुन्हा नीट जोडता आले नाही, असे मला वाटते. बेटावर सारे आलबेल आहे, असा याचा अर्थ नव्हे. १९४२ च्या आधीचे कोण आणि नंतरचे कोण, यावरून तिथे नोकऱ्या-सवलतींचे वाद आहेतच. आणि ज्यांची ती बेटे होती, त्या जारवांना तर कोणी किरायाचेही विचारले नाही.

अनामत रक्कम दिली. हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या, पत्र्याचे पाणी धरायला एक पिंप, दाराशी सुपारीची तीन झाडे. संध्याकाळी तिने अबर्डीन बाजारातून वडिलांना फोन लावला आणि फोनचा आवाज वाढवला. त्यांचा पहिला प्रश्न मला ठाऊक होता.

‘‘काय विचारलं मालकानं?’’

‘‘पत्र्यावर पाऊस वाजतो फार, झोप लागेल का म्हणाले.’’

पलीकडे काही वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, ‘‘पाणी किती दिवसांनी येतंय?’’