सुवर्ण गुणोत्तर: पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले

गणित आणि निसर्ग यांचे नाते सांगणाऱ्या माहितीपटांत सुवर्ण गुणोत्तर हमखास भेटते. डिस्नेच्या १९५९ सालच्या ‘डोनाल्ड इन मॅथमॅजिक लँड’मध्ये ते पार्थेनॉनच्या दर्शनी भागावर आखून दाखवले आहे, तर क्रिस्तोबाल विला यांच्या २०१० मधील ‘नेचर बाय नंबर्स’ या लघुपटात नॉटिलसच्या शिंपल्यावर आणि सूर्यफुलावर. अशी दृश्ये पुन्हा पुन्हा पाहून सगळ्या उदाहरणांमागचा पुरावा सारखाच भक्कम असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात काही उदाहरणे मोजपट्टी लावताच गळून पडतात आणि काही पडद्यावर दिसतात त्याहून कितीतरी खोल आहेत.

मूळ कल्पना साधी आहे. एका रेषेचे दोन भाग असे करायचे, की संपूर्ण रेषेचे मोठ्या भागाशी जे गुणोत्तर, तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी यावे. हे गुणोत्तर सुमारे १.६१८ येते. युक्लिडने इ. स. पू. ३०० च्या सुमारास ‘एलिमेंट्स’मध्ये त्याची व्याख्या दिली ती निव्वळ भूमितीसाठी, सौंदर्याचा संबंध तिथे नाही.

नॉटिलसचा शिंपला म्हणजे सुवर्ण सर्पिल, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. सुवर्ण सर्पिल दर पाव फेऱ्याला १.६१८ पटीने रुंदावते. म्हणजे पूर्ण फेऱ्यात १.६१८ चा चौथा घात, सुमारे ६.८५ पट. नॉटिलसचा शिंपला एका फेऱ्यात साधारण तिप्पटच होतो. दोन्ही वक्र एकाच कुळातले, म्हणजे लॉगॅरिदमिक सर्पिले, हे खरे. आकार न बदलता वाढत जाणाऱ्या शिंपल्याला असेच सर्पिल मिळते. पण या कुळात अगणित वक्र आहेत आणि नॉटिलसचा वक्र सुवर्ण नव्हे.

पार्थेनॉनचेही तसेच. इ. स. पू. ४४७ मध्ये बांधायला घेतलेल्या या मंदिराचा चौथरा वरच्या पायरीवर सुमारे ६९.५ मीटर लांब आणि ३०.९ मीटर रुंद आहे. हे गुणोत्तर ९:४, म्हणजे २.२५ आहे. चित्रावर सुवर्ण आयत बसतो तो त्याच्या कडा सोयीच्या जागी धरल्यामुळे. चित्रकार लिओनार्दो दा विंचीच्या बाबतीत खरा दुवा एवढाच, की लुका पाचोलीच्या १५०९ साली छापलेल्या ‘दिव्य प्रमाण’ या ग्रंथासाठी त्याने घनाकृती रेखाटल्या. मोनालिसा या प्रमाणावर बेतली होती याला कागदोपत्री कोणताही आधार नाही. मानवी शरीरात बेंबीच्या वर-खाली हेच प्रमाण असते, हा सिद्धान्त जर्मन लेखक आडोल्फ त्साइझिंग याने १८५४ मध्ये मांडला; माणसामाणसांत ते प्रमाण बदलते.

सूर्यफुलाचे प्रकरण मात्र खरे आहे, आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे. फुलाच्या तबकडीतल्या बिया डावीकडे आणि उजवीकडे वळणाऱ्या ओळींत दिसतात. त्या ओळी मोजल्या तर बहुधा ३४ आणि ५५, किंवा ५५ आणि ८९ भरतात. या शेजारशेजारच्या फिबोनाची संख्या आहेत. या मालिकेतली प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते, आणि शेजारच्या संख्यांचे गुणोत्तर सुवर्ण गुणोत्तराकडे झुकत जाते. अननसाच्या डोळ्यांच्या ओळीही ८, १३ आणि २१ अशा मोजता येतात.

‘फुलाला गणित कळते’ असे निवेदनात ऐकू येते. फुलाला गणित कळावे लागत नाही. वाढत्या टोकाशी नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जिथे सर्वांत मोकळी जागा असेल तिथे फुटतो. त्यातून लागोपाठच्या दोन अंकुरांमधला कोन सुमारे १३७.५ अंशांवर, म्हणजे पूर्ण फेऱ्याचे सुवर्ण गुणोत्तराने दोन भाग केल्यावर येणाऱ्या लहान भागावर, स्थिरावतो. तो ९० अंश असता तर सगळ्या बिया चार सरळ ओळींत येऊन मध्ये रिकाम्या फटी राहिल्या असत्या. साध्या अपूर्णांकाच्या जवळपासही न येणारा कोन अशा फटी टाळतो, आणि सुवर्ण गुणोत्तर हे अपूर्णांकांच्या पकडीत सर्वांत कमी येते. स्तेफान दुआदी आणि ईव्ह कुदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये एकमेकांना दूर ढकलणारे चुंबकीय द्रवाचे थेंब तेलात सोडून अशीच सर्पिले प्रयोगशाळेत उमटवली. त्यांत जीव नव्हता, जनुके नव्हती.

तरी हा नियम अभंग नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५७ सूर्यफुले तपासली गेली. बहुसंख्य फुलांत फिबोनाची रचना होती, पण काहींत दुसऱ्या मालिका आणि काहींत धड न बसणाऱ्या संख्या सापडल्या. पाकळ्यांचे आकडे नेहमी फिबोनाचीच असतात हेही चूक आहे. मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या असतात.

उरतो मालिकेच्या जन्माचा प्रश्न. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजेच फिबोनाचीने, १२०२ मधल्या ग्रंथात सशांच्या पैदाशीचे कोडे मांडले आणि तिथून मालिका सुरू झाली, असे बहुतेक पटांत सांगतात. भारतीय छंदशास्त्रात ती त्याआधीच होती. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, हे मराठी वाचकाला शाळेतल्या वृत्तांपासून ठाऊक आहे. चार मात्रांची ओळ किती प्रकारे होते? गग, गलल, लगल, ललग, लललल: पाच. ओळ लघूने संपली तर आधी तीन मात्रा उरतात, त्यांचे प्रकार तीन. गुरूने संपली तर दोन मात्रा, त्यांचे प्रकार दोन. म्हणून प्रत्येक आकडा मागच्या दोहोंची बेरीज. हा नियम विरहांकाने फिबोनाचीच्या काही शतके आधी दिला आणि गुजरातेतल्या हेमचंद्राने ११५० च्या सुमारास पुन्हा मांडला. फिबोनाचीचे नाव मालिकेला चिकटले ते एकोणिसाव्या शतकात, फ्रेंच गणिती एद्वार ल्युका याच्यामुळे.