तिकिटावरचा ‘जी’

नागझिऱ्याचा वाघ बघायला निघालेला परदेशी पाहुणा गोंदियाला उतरतो, तेव्हा त्याच्या पाठीवर धानाच्या पोत्याएवढी बॅग, हातात पाण्याची बाटली आणि डोक्यात ‘भारतात काय करू नये’ याची लांबलचक यादी असते. त्या यादीत गोंदियाचं नाव नसतं. म्हणून रमजानच्या महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी ही छोटीशी पुरवणी. गावकऱ्यांनी वाचली तरी हरकत नाही.

पहिली सूचना तिकिटावरच छापलेली आहे. रेल्वेच्या दप्तरी बहुतेक स्टेशनांच्या खुणेला दोन-चार अक्षरं लागतात. गोंदिया जंक्शनचं काम एकाच इंग्रजी अक्षरावर भागतं: ‘जी’. पाहुण्याने हा शब्द पाठ करावा. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी आणि उर्दू एकाच पानठेल्यावर भेटतात. रिक्षावाला एका वाक्यात दोन भाषा वापरतो. भांडण झालंच तर तिसरी काढतो. ‘जी’ मात्र सगळीकडे चालतो. हो म्हणायला, ‘काय म्हणालात?’ विचारायला आणि काहीच समजलं नाही तेव्हाही.

दुसरी सूचना रस्त्याची. हॉर्न ही शिवी नव्हे. ‘मी मागे आहे’ एवढीच ती वर्दी असते. ओलांडण्यासाठी रस्ता मोकळा होण्याची वाट पाहू नये. पाहणारा ईदपर्यंत त्याच बाजूला उभा राहील. एखाद्या आजीबाईंच्या आडोशाने निघावं. आजी गाडीकडे बघत नाहीत, गाडी आजींकडे बघते. मधोमध गाय बसली असेल तर तिला दुभाजक समजावं.

तिसरी सूचना ‘पाच मिनिटां’ची. हे वेळेचं माप नाही, दिलासा आहे. जीप पाच मिनिटांत सुटते, म्हणजे भरल्यावर सुटते. जेवण पाच मिनिटांत येतं, म्हणजे तांदूळ धुवायला घेतलाय.

चौथी सूचना वहीची. कोण कुठल्या धर्माचा, हे विचारून वहीत रकाने पाडू नयेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला महादेवाचं देऊळ आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. जवळच गोठणगावला तिबेटी वसाहत. त्या वाटेवरच्या जीपमध्ये कोण कुठे उतरणार, हे उतरेपर्यंत कळत नाही आणि इतरांना त्याची काळजीही नसते.

पाचवी सूचना चहाची, आणि ती महत्त्वाची. बाजारातला दुकानदार पाहुण्याला बसवून चहा मागवतो. कप मात्र एकच येतो. यादी वाचून आलेल्या पाहुण्याला घाम फुटतो. हा स्वतः का पीत नाही? चहात काही आहे का? आहे, साखर जरा जास्त आहे. बाकी काही नाही. दुकानदाराचा रोजा आहे. पहाटेच्या सहरीनंतर त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरलेला नाही, तरी दारी आलेल्याला कोरडं पाठवणं त्याला जमत नाही. इथे काही पाहुणे कप परत करतात. काही जण दहा वेळा माफी मागून, पाठ फिरवून, चोरी केल्यासारखे घोट घेतात. दोन्ही नको. रोजा त्याचा आहे, तहान पाहुण्याची. चहा प्यावा आणि शुक्रिया म्हणावं.

सहावी सूचना घड्याळाची. कुणाला हौसेने एखादा रोजा ठेवून बघायचा असेल, तर मोबाइलमध्ये मुंबईचं वेळापत्रक ठेवू नये. प्रमाणवेळ देशभर एक असली तरी सूर्य ती मानत नाही. गोंदिया मुंबईच्या सुमारे साडेसात अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर इथला दिवस जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो आणि आधी मावळतो. मुंबईच्या वेळेने चालणारा फजरची अजान झाल्यावरही जेवत बसेल, आणि संध्याकाळी सगळ्यांची ताटं रिकामी झाल्यावर खजूर उचलेल. मशिदीत लावलेलं गावचं वेळापत्रकच बघावं.

इफ्तारच्या आधीचा तास मात्र जपून काढावा. खजूर, टरबूज, पपई, गरम भजी यांच्या गाड्यांभोवती झुंबड उडते. सगळ्यांनाच घर गाठायचं असतं. त्या वेळी रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालू नये; त्याचा एक डोळा घड्याळावर असतो. चाळीस मिनिटांना पाच म्हणणारं हेच गाव आता एकेक मिनिट मोजत असतं.

मग मगरिबची अजान होते. फळवाला गाडीमागे फडकं अंथरून बसतो. शेजारच्या गाडीवाल्याचा रोजा नसतो. तो तेवढा वेळ दोन्ही गाड्या सांभाळतो, गिऱ्हाईक आलं तर शेजाऱ्याचा माल विकून पैसे शेजाऱ्याच्याच गल्ल्यात टाकतो. त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं. ‘इथे शिस्त कुठे आहे?’ असं दिवसभर विचारणाऱ्या पाहुण्याने तेव्हा फोटो काढण्याऐवजी नुसतं बघावं. ती कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते.

बघता बघता कुणीतरी पाहुण्याच्याही हातावर खजूर ठेवेल. तो उजव्या हाताने घ्यावा. खिशातून पैसे काढू नयेत; पाहुण्यावर रागवायला गोंदियाला तेवढं एकच कारण पुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं ठरलं तर तारीख नीट बघावी, कारण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. तशात कुणी विचारेलच, ‘घरी जेवायला येता का?’ खजूर तोंडात असताना लांबलचक बोलता येत नाही. ‘जी’ पुरतो.